‘काही नाही हो, नुसता पसारा!’

बहुतेक वेळा फोन दुकानातूनच येतो. मागे गलका चाललेला असतो, विचारणाऱ्याच्या एका हातात खोका असतो आणि घाई असते. ‘‘ताई, दीड वर्षाच्या मुलीसाठी कुठलं खेळणं घेऊ? जरा शैक्षणिक असं काहीतरी सांगा.’’ लहान मुलांच्या खेळवर्गात माझी बावीस वर्षं गेली, तेव्हा हा प्रश्न माझ्याकडे येणारच. पण मी उलट विचारते, ‘‘ती सध्या दिवसभर काय करते?’’

‘‘काही नाही हो, नुसता पसारा!’’

मला जे हवं असतं ते नेमकं याच वाक्यात असतं. म्हणून पुढचं विचारते, ‘‘पसारा कसला?’’ इथे समोरचा माणूस वैतागतो. तुमच्या दीड वर्षाच्या मुलीसाठी फोन केलात तेव्हा तुम्हीही वैतागला होतात, म्हणून आता निवांतपणे सांगते.

एक मूल कप्पे उपसतं, आतलं सगळं बाहेर काढतं आणि रिकाम्या कप्प्यात हात फिरवत बसतं. दुसरं हाताला लागेल ते खाली टाकतं आणि कुठे पडलं ते वाकून बघतं. तिसरं सामान वाहून नेतं. मग आजोबांचा चष्मा बुटात सापडतो. तिघंही दीड वर्षाची असतील, पण पहिल्याला डबे आणि झाकणं लागतील, दुसऱ्याला चेंडू आणि एक उतरती फळी, तिसऱ्याला पिशवी नाहीतर ढकलायची गाडी. मुलाला ज्याचा नाद लागलाय त्याच्यासाठी जरा बरं सामान पुरवायचं, एवढंच आपलं काम. वय विचारून हे कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली पाच देशांतल्या निरोगी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. आधाराशिवाय चालायला लागण्याचा त्यातला काळ 8.2 महिन्यांपासून 17.6 महिन्यांपर्यंत पसरलेला आहे. खोक्यावर ‘1 वर्ष’ छापणाऱ्याने यातलं कुठलं मूल डोळ्यांसमोर ठेवलं असेल? आणि बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, तर जेवढे आठवडे आधी जन्मलं तेवढे साधारण दोन वर्षांपर्यंत वयातून वजा धरायचे असतात. भेट आणणाऱ्या पाहुण्यांच्या हे गावीही नसतं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझा मुलगा दहा महिन्यांचा असताना मी मोठ्या हौसेने आकारांची पेटी आणली होती. झाकणाला गोल, चौकोनी, त्रिकोणी भोकं, आणि त्यातून आत टाकायचे ठोकळे. पहिल्या दिवशी त्याने झाकण काढलं, सगळे ठोकळे ओतले आणि झाकण चावत बसला. मी ठोकळा त्याच्या हातात देऊन हात भोकावर नेला. त्याने हात झटकला, पुन्हा झटकला, पण ठोकळा काही सुटेना. शेवटी तो रडला. मला वाटलं, कंटाळला. प्रत्यक्षात त्याला वस्तू सोडताच येत नव्हती! धरणं बाळ जन्मतःच करतं. तळहाताला बोट लागलं की मूठ आपोआप मिटते. ही आपसूक पकड पाच-सहा महिन्यांत ओसरते आणि मग ते स्वतःहून धरायला लागतं. पण ठरवून, हव्या त्या जागी बोटं उघडणं बऱ्याच उशिरा, वर्षाच्या आसपास जमायला लागतं. त्या महिन्यात त्याला हवं होतं रुंद तोंडाचं भांडं आणि त्यात टाकायला चार लाकडी चेंडू. ते स्वयंपाकघरातच होतं.

पेटी वर ठेवून दिली. पुन्हा काढली तेव्हा गोल ठोकळे पटापट आत गेले, चौकोनी कधीमधी, त्रिकोणी मुळीच नाही. गोल कसाही धरला तरी बसतो. चौकोन चार तऱ्हांनी बसतो, त्रिकोण तीनच. म्हणजे ‘आकार ओळखता येत नाही’ असं आपण म्हणतो तिथे पुष्कळदा अडचण मनगटाची असते. दोन वर्षं उलटल्यानंतर एका दुपारी त्याने त्रिकोण भोकावर ठेवला आणि दाबायच्या ऐवजी किंचित फिरवला. ठोकळा खाली पडल्याचा आवाज आला. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, लगेच झाकण काढून तोच त्रिकोण बाहेर घेतला आणि पुन्हा टाकला. मग पुन्हा. मी टाळ्या वाजवायला हात उचलले होते, ते तसेच खाली घेतले.

खोक्यावरच्या वयाबद्दल मी इतकी बेफिकिरीने बोलतेय, पण एका बाबतीत ते दगडावरची रेघ मानते. ‘3 वर्षांखालील मुलांसाठी नाही’ अशी सूचना किंवा 0-3 वर काट मारलेलं चित्र दिसलं, की लोक मला म्हणतात, ‘‘आमची हुशार आहे हो, चालेल तिला.’’ ती सूचना हुशारीबद्दल नाहीच, ती गळ्याबद्दल आहे. सुटे भाग तपासायला एक छोटी नळी वापरतात, 31.7 मिलिमीटर व्यासाची. लहान मुलाच्या घशाच्या अंदाजाने ठरवलेली. जो भाग तिच्यात पूर्ण मावतो तो तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यात चालत नाही. हुशार मुलीचा गळासुद्धा तेवढाच असतो. त्याहून मी घाबरते ती बटणासारख्या चपट्या सेलला. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. मूल नुसती लाळ गाळत असेल, खायला नको म्हणत असेल, पण सेल गिळल्याचा नुसता संशय असला तरी तडक रुग्णालय गाठायचं. म्हणून सेलचं झाकण स्क्रूने बंद नसेल ते खेळणं मी घरात येऊ देत नाही. छोटे ताकदवान लोहचुंबकही तसेच; दोन गिळले गेले तर आतड्याच्या दोन वेढ्यांमधून एकमेकांना खेचतात आणि मधल्या भागाला भोक पडू शकतं.

दिवे लागणारी, गाणी म्हणणारी खेळणी मला आवडत नाहीत, हे इतक्यात तुमच्या लक्षात आलं असेल. यात माझा हट्ट थोडा आहे, पण नुसता हट्ट नाही. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी अमेरिकेत 10 ते 16 महिन्यांची बाळं आणि त्यांचे आईवडील अशा 26 जोड्यांचं घरातलं खेळणं ध्वनिमुद्रित केलं होतं. विजेरी खेळण्यांबरोबर आईवडील कमी बोलले आणि बाळांनीही कमी आवाज काढले. चित्रांच्या पुस्तकांबरोबर बोलणं सर्वांत जास्त झालं. साहजिकच आहे. खेळणंच सगळं बोलत असेल तर आपण मध्ये कशाला तोंड घालू? ‘शैक्षणिक’ हा शब्द मात्र त्याच खोक्यांवर सर्वांत मोठ्या अक्षरांत असतो.

आठ-नऊ महिन्यांच्या बाळाचं उत्तम खेळणं म्हणजे एक रुमाल. त्याच्याखाली चेंडू लपवा. त्याआधीच्या महिन्यांत बहुतेक बाळं वस्तू झाकली की दुसरीकडे बघायला लागतात. आता ती रुमाल ओढतात. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजेने आपल्या स्वतःच्या मुलांबरोबर हाच खेळ करून टिपणं लिहिली. मजा अशी, की दोनतीनदा डावीकडे लपवलेला चेंडू त्यांच्या डोळ्यांदेखत उजवीकडे लपवला, तरी पुष्कळ बाळं डावीकडेच शोधतात. करून बघा, मात्र हसू नका.

दोन वर्षांच्या आगेमागे आणखी एक गंमत दिसते. आमच्या वर्गातल्या एका मुलीने काडेपेटीएवढ्या मोटारीचं दार उघडलं, सँडल काढली आणि पाय आत घालायला लागली. अगदी गंभीरपणे. जाईना, तशी दुसरा पाय घालून बघितला. तिच्या आईचा चेहरा उतरला. मी सांगितलं, काळजी करू नका. 18 ते 30 महिन्यांच्या मुलांमध्ये हे दिसतं आणि 2004 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात यावर शोधनिबंधही आला होता. मोटार म्हणजे काय हे त्या मुलीला पक्कं ठाऊक होतं. मापाचं गणित तेवढं त्या क्षणी मागे पडलं.

याच सुमाराला लुटुपुटीचा खेळ सुरू होतो, आणि इथे खरेदी हमखास उलटी होते. सुरुवातीला मुलाला वस्तू खऱ्यासारखी लागते. खेळण्यातला फोन फोनसारखा दिसला तरच ते कानाला लावतं. तीन-चार वर्षांचं झालं की कशाचाही फोन होतो, ठोकळ्याचा, चपलेचा, नुसत्या मुठीचा. म्हणजे मूल वाढेल तसं खेळणं कमी सांगणारं हवं. आपण मात्र वाढत्या वयाला आणखी बारीक तपशिलाची, आणखी बटणांची खेळणी आणतो. चार वर्षांच्या मुलाला मी ओढणी, दोरीचे तुकडे (गळ्यात अडकणार नाहीत इतके आखूड) आणि एक मोठं खोकं देईन.

आणि ठोकळे. एकच वस्तू घ्यायची असेल तर साधे लाकडी ठोकळे, थोडे जास्तच. सव्वा वर्षाचं मूल दोन रचतं, दोन वर्षांचं सहाच्या आसपास, तिसऱ्या वर्षी दोन उभे करून वर आडवा ठेवत पूल करतं. पाचव्या वर्षी तेच ठोकळे रुग्णालय होतात. माँटेसरींच्या गुलाबी मनोऱ्यात 1 सेंटिमीटरपासून 10 सेंटिमीटरपर्यंतचे दहा घन असतात. एखादा चुकला तर मनोराच ते दाखवतो, बाईंना बोलावं लागत नाही. कुठलंही खेळणं उचलताना मी हे बघते: चूक कोण सांगणार, खेळणं की मी?

किती घ्यायची? कमी. 2018 च्या एका अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना एकदा 4 आणि एकदा 16 खेळणी दिली. चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. बाकीची माळ्यावर टाका, महिन्याने खाली काढा.

तुकडे जुळवायच्या अक्षरांच्या कोड्याबद्दल तुमचे यजमान पुन्हा पुन्हा विचारत होते. दीड वर्षाच्या मुलीला ‘क’ हा एक वेडावाकडा तुकडा आहे. ती तो चावेल. कोडं हवंच असेल तर तीन-चार तुकड्यांचं, प्रत्येकाला धरायला जाड मूठ असलेलं घ्या. आणि जमलं नाही तर महिनाभर ठेवून द्या, तिच्यासमोर स्वतः पूर्ण करून दाखवू नका.

तुमच्या मुलीच्या पसाऱ्याचं तुम्ही शेवटी सांगितलंत: ती टोपलीतले कपड्यांचे चिमटे एकेक करून तुमच्या बुटात भरते, मग बूट उपडा करते. तर तिला एक मोठी प्लास्टिकची बरणी घ्या, झाकणाला रुंद भोक पाडून कडा घासून घ्या, आणि लाकडाचे जाड गोल तुकडे द्या. चिमटे मात्र आजच उचला. त्यांच्या स्प्रिंगा सुटतात.