टूसॉनच्या बाजारात हातचे मणी घेताना

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातल्या टूसॉन शहरात दर वर्षी जानेवारी संपता संपता खडे, खनिजं आणि मणी यांचा बाजार भरतो आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतो. लांबून ते एकच मोठं प्रदर्शन वाटतं. प्रत्यक्षात चाळीसेक स्वतंत्र प्रदर्शनं शहरभर विखुरलेली असतात: हॉटेलांत, तंबूंत, मैदानांवर. प्रत्येकाच्या तारखा वेगळ्या, वेळा वेगळ्या, प्रवेशाचे नियमही वेगळे. मूळ प्रदर्शन 1955 साली तिथल्या खनिजप्रेमींच्या मंडळाने एका प्राथमिक शाळेत भरवलं होतं. आता ते फेब्रुवारीत कन्व्हेन्शन सेंटरमध्ये चार दिवस असतं. तिथे तिकीट लागतं आणि भर खनिजांवर असतो, त्यामुळे मण्यांसाठी गेलेल्यांनी सगळा वेळ तिथे घालवू नये. एक चक्कर मात्र मारावी. वाघोलीच्या खाणीतला निळा कॅव्हनसाइट आणि जळगावकडचा अ‍ॅपोफिलाइट यांना संग्राहकांच्या या जगात केवढा मान आहे, ते पाहून पुणेकरांची मान जरा ताठ होते.

हातच्या, म्हणजे कारागिराने एकेक करून घडवलेल्या काचमण्यांसाठी दोन नावं लक्षात ठेवा: ‘टू बीड ट्रू ब्लू’ आणि ‘द बेस्ट बीड शो’. पहिलं गेली काही वर्षं शहराच्या नैऋत्येला कसिनो डेल सोलमध्ये भरतं, दुसरं दक्षिणेला किनो भागात. जागा बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी त्या वर्षीचं अधिकृत मार्गदर्शक पाहून तारखा कागदावर उतरवून घ्या. मण्यांची प्रदर्शनं मुख्य प्रदर्शनाच्या आधीच आटोपतात. विमानाचं तिकीट मुख्य प्रदर्शनाच्या तारखा पाहून काढलं, तर पोहोचेपर्यंत मणीवाले टेबलं आवरून गेलेले असतात.

एजीटीए आणि जीजेएक्स ही फक्त व्यापाऱ्यांसाठीची रत्नप्रदर्शनं, तिथे कागदपत्रांशिवाय आत सोडत नाहीत. मण्यांच्या बहुतेक प्रदर्शनांत कुणालाही जाता येतं. दागिन्यांचा व्यवसाय असेल, तर जीएसटी नोंदणीचं प्रमाणपत्र आणि कार्डं बरोबर ठेवा, काही टेबलांवर घाऊक भाव त्यावरच मिळतो. किरकोळ खरेदीवर साधारण पावणेनऊ टक्के विक्रीकर लागतो आणि परदेशी पाहुण्यांनाही तो परत मिळत नाही. भाव विचारताना कर धरूनच हिशेब करा.

फिनिक्सला उतरून टूसॉनला जाणं सोयीचं पडतं. अंतर 180 किलोमीटरच्या आसपास, गाडीने दोन तासांचा रस्ता. या दिवसांत हॉटेलांचे दर चढलेले असतात, चार-पाच महिने आधी खोली धरलेली बरी. दिवसा वीस अंशांपर्यंत ऊन, रात्री चार-पाच अंशांपर्यंत थंडी, हवा कोरडी. तंबूत सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी तो हातात घेऊन फिरावं लागतं.

आता मुख्य गोष्ट. टेबलावर ‘हँडमेड लॅम्पवर्क’ (ज्योतीवर काच वितळवून केलेलं हातकाम) अशी पाटी दिसली, म्हणजे मणी घ्यायच्या लायकीचा झाला असं नाही. कारखान्यातला मणीही कुणाच्या तरी हातानेच बनतो. चीनमधून आणि आपल्याकडच्या, उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगरहून गेलेले मणीही तिथे विकायला असतात. त्यात वाईट काही नाही, पण तेच मणी भारतात स्वस्तात मिळत असताना डॉलर मोजून ते परत आणण्यात काय हशील? चाळीस मण्यांचा सर, सगळे मणी जवळजवळ सारखे आणि भोकात पांढरी भुकटी, असं दिसलं की पुढे चला. टेबलामागच्या माणसाला विचारा: मणी तुम्ही स्वतः करता का, काच कोणती, भट्टीत किती वेळ ठेवता? कारागीर असेल तर ‘एकशेचार’ किंवा ‘बोरो’ असं उत्तर तत्काळ येतं. एकशेचार म्हणजे इटलीतल्या मुरानोच्या एफेत्रे काचेसारखी मऊ काच, बोरो म्हणजे बोरोसिलिकेट ही कडक काच. नुसता विक्रेता असेल तर तो विषय बदलतो.

मणी हातात घेतलात की नक्षी नंतर पाहा, आधी भोक पाहा. काचेची कांडी ज्योतीत वितळवून ती स्टीलच्या सळईवर गुंडाळतात. काच सळईला चिकटू नये म्हणून तिच्यावर मातीसारखा लेप दिलेला असतो. मणी निघाल्यावर हा लेप पाण्यात धरून हिरेकणीच्या कानशीने साफ करायचा असतो. तो राहिला, तर पारदर्शक मण्यात मधोमध मळकट रेघ दिसते. घरी कोरडा खरवडू नका, ती धूळ फुप्फुसांना वाईट. भोकाची दोन्ही तोंडं आत वळलेली, गुळगुळीत हवीत. तोंडं टोकदार राहिली असतील, तर दोरा महिन्या-दोन महिन्यांत कापला जातो. टिश्यूच्या कागदाची सुरळी भोकातून ओढून पाहा. कागद अडकला, तर दोराही अडकणार.

दुसरी परीक्षा भट्टीची. तयार मणी भट्टीत पाचशे अंश सेल्सियसच्या थोड्या वर ठरावीक वेळ ठेवून अगदी सावकाश थंड करावा लागतो. घाई केली की काचेत ताण उरतो आणि मणी घरी आल्यावर आठवड्याने किंवा सहा महिन्यांनी भोकापासून तडकतो. डोळ्यांना हा ताण दिसत नाही, पण दोन पोलराइज्ड गॉगलांनी दिसतो. एका गॉगलची काच दुसऱ्यासमोर धरून हळूहळू फिरवा. दोन्हींतून दिसणारा उजेड जवळजवळ विझला की मधे मणी धरा आणि मागून टॉर्च दाखवा. नीट थंड केलेला मणी काळोखातच राहतो, ताण असलेल्या मण्यात भोकाभोवती उजळ पट्टे चमकतात. युक्ती फक्त पारदर्शक मण्यांना चालते. करण्याआधी कारागिराची परवानगी घ्या. चांगला कारागीर हरकत घेत नाही, उलट कौतुकाने बघतो.

वर उठलेले ठिपके असतील, तर त्यांच्या बुडाशी नख फिरवा. ठिपका नुसता टेकवलेला असेल, तर नख खाली शिरतं. असा ठिपका कपड्यात अडकतो आणि एक दिवस उडून जातो. काचेच्या आत बंद केलेल्या फुलात बुडबुडे किंवा बारीक रेघ आहे का, ते भिंगाने पाहा. चांदीचा वर्ख वर उघडा असेल, तर तो काळा पडणार. पारदर्शक काचेखाली असेल, तर टिकतो.

रंग तंबूच्या दिव्यात ठरवू नका. निओडिमियम हे मूलद्रव्य असलेली काच उन्हात जांभळट दिसते आणि ट्यूबलाइटखाली फिकट निळी. साडीला जुळवून घेतलेला मणी हॉलमध्ये वेगळाच दिसला, तर त्यात मण्याचा दोष नाही. दारापर्यंत नेऊन पाहू का, असं विचारा. चोरीच्या संशयाला जागा नको, म्हणून पिशवी टेबलावर ठेवून जा.

माप आणि वजन यांत सर्वात जास्त फसगत होते. बहुतेक कलात्मक मण्यांचं भोक सुमारे 2.4 मिलिमीटर असतं, काहींचं 1.6, आणि जाड साखळीसाठी केलेल्यांचं 5 च्या आसपास. मंगळसूत्राच्या पोतीच्या दोऱ्यावर 2.4 चं भोक डुगडुगतं आणि मणी एका बाजूला कलतो. पटवेकऱ्याकडे गाठवायला देणार असाल, तर त्याच्याकडचा दोरा बरोबर न्या आणि टेबलावरच ओवून पाहा. भोक मोठंच असेल, तर दोन्ही बाजूंना बीड कॅप (मण्याच्या तोंडावर बसणारी छोटी वाटी) किंवा आत 15 नंबरचे बारीक मणी भरून काम भागतं. वजनाचा हिशेब सोपा: 10 मिलिमीटरचा गोल काचमणी सव्वा ग्रॅमचा, 15 चा साडेचार ग्रॅमच्या जवळ आणि 20 चा साडेदहाचा. वीस मिलिमीटरचे दहा मणी म्हणजे गळ्यात शंभर ग्रॅमवर काच. कानातल्यासाठी 12 मिलिमीटरच्या पुढे गोल मणी घेऊच नका, चपटा घ्या.

भावात घासाघीस चालत नाही. साधा मणी दहा-वीस डॉलरचा, नावाजलेल्या कारागिराचा शंभराच्या पुढे. पाच-सहा मणी एकदम घेताना ‘एकत्र घेतले तर काही सोडाल का’ एवढं विचारावं. नाही म्हणाले, तर तिथेच थांबावं. फोटोही विचारूनच, कारण नक्षीची नक्कल ही या लोकांची दुखरी नस आहे. लहान नोटा बाळगा. बहुतेक जण कार्ड घेतात, पण तंबूत नेटवर्क रुसतं. जोडी किंवा संच घेताना तिथल्या तिथे एकावर एक धरून पाहा. हाताच्या कामात एखादा मिलिमीटर फरक चालतो, भोक मधोमध नसेल तर चालत नाही. मणी सळईवर ओवून फिरवला की हा दोष लगेच कळतो.

आफ्रिकी मण्यांच्या भागात जुने व्हेनिसचे मणी मिळतात. तिथेच हस्तिदंत, कासवाचं कवच, पोवळं यांचे मणीही समोर येतात. कितीही जुने म्हणाले, तरी हात लावू नका, वन्यजीव कायद्यात अडकू शकता.

परतताना प्रत्येक मणी वेगळ्या झिप पाकिटात, वर फोम, आणि सगळं हातातल्या बॅगेत. पक्कड आणि कानशी मात्र चेक-इनमध्ये. बिलावर नुसतं ‘बीड्स’ न लिहिता ‘काचेचे मणी, हस्तनिर्मित, नग अमुक’ असं लिहून घ्या. मुंबईच्या कस्टममध्ये वेगवेगळे पंचवीस मणी सहसा स्वतःसाठीचे म्हणून धरले जातात. एकाच जातीचे पन्नास सर दिसले, तर तो व्यापारी माल ठरतो आणि सामानावरची करमुक्त सवलत मिळत नाही. विक्रीसाठी आणायचे असतील, तर आयात-निर्यात कोड काढून माल कुरिअरने, कस्टमच्या वर्गवारीतल्या 7018 या शीर्षकाखाली मागवा. काचमणी त्यातच येतात. पार्सल पाठवण्याचं कारागिराशी टेबलावरच ठरवून टाका, प्रदर्शन उठल्यावर मेलला उत्तर यायला आठवडे लागतात.