आमची वाटचाल : भट्टीपाशी उभं राहिल्यावर

२०११ साली कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपच्या माडीवर आम्ही तिघांनी काम सुरू केलं. ज्या उद्यमनगरात एकेकाळी शेतीच्या पंपांची ऑइल इंजिनं बनायची, तिथूनच फौंड्र्यांचा, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यांचा, पसारा शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलपर्यंत गेला. आमचं गिऱ्हाईक तेच. विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीचं तापमान, वीज आणि प्रत्येक हीटची (एका वेळी वितळवलेल्या धातूच्या घाण्याची) नोंद ठेवणारं यंत्र आणि त्याचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. एक टन लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट वीज लागते. त्यामुळं तयार झालेला धातू दहा मिनिटं उगाच भट्टीत ताटकळला तरी त्याचा आकडा वीजबिलात दिसतो.

पहिली सात वर्षं कंपनीतला प्रत्येक निर्णय माझा होता. स्क्रीनवर बटण कुठं हवं इथपासून गिऱ्हाइकाला काय उत्तर द्यायचं इथपर्यंत. मला वाटायचं, यालाच जबाबदारीनं धंदा करणं म्हणतात. मुलं हुशार होती, सांगितलेलं काम चोख करायची, पण नवं काही सुचवायची नाहीत. ‘कोल्हापुरातल्या मुलांना स्वतःहून काही करायचं नसतं, ज्यांना करायचं असतं ती पुण्याला जातात,’ असं मी चारचौघांत बोललोही आहे. ते चुकीचं होतं आणि त्या मुलांवर अन्याय करणारं होतं.

गूगलच्या संस्थापकांनी २००४ साली भागधारकांना लिहिलेल्या पत्रात, कर्मचाऱ्यांनी वीस टक्के वेळ, कंपनीच्या सगळ्यात फायद्याचं त्यांना स्वतःला जे वाटेल त्यावर घालवावा असं म्हटलं होतं. ते वाचून २०१८ मध्ये मी शुक्रवारची दुपार मोकळी ठेवली. पहिल्या महिन्यात दोघांनी कल्पना मांडल्या. त्या का चालणार नाहीत हे मी दोघांनाही पाच मिनिटांत समजावून सांगितलं. माझा एकही मुद्दा चुकीचा नव्हता. तिसऱ्या महिन्यापासून मात्र शुक्रवारी दुपारी सगळे आपापलं राहिलेलं काम उरकू लागले. वेळ दिला होता. बोलायची सोय मीच काढून घेतली होती.

मग ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला. मी शहरात अडकलो आणि तोवर उद्यमनगरातून नदीपलीकडं गेलेलं आमचं ऑफिस तिकडंच राहिलं. हातकणंगल्याकडून येणारी आमची दोन मुलं तेवढी तिथं पोचू शकत होती. फोन लागेल तेव्हा लागायचा. त्या दोघांनी मला न विचारता सर्व्हर उचलून एकाच्या घरी नेला, भट्ट्या बंद ठेवलेल्या गिऱ्हाइकांची यादी केली आणि तिकडचे चुकीचे अलार्म बंद केले. रस्ता सुरू झाल्यावर मी गेलो, तर मला करायला काहीच उरलं नव्हतं. मी असतो तर सर्व्हर हलवायला एक दिवस उशीर केला असता, हे मला तेव्हाच कळलं.

त्यानंतर एक नियम केला, तो आजही मोडत नाही. कोड लिहिणारा प्रत्येक माणूस दोन महिन्यांतून एकदा एखाद्या गिऱ्हाइकाच्या फौंड्रीत अख्खी रात्रपाळी काढतो. रात्रपाळीच का, तर बरीच वर्षं रात्री दहा ते सकाळी सहा वीज स्वस्त मिळायची, म्हणून खरी धामधूम तेव्हाच असायची.

गडहिंग्लजहून आलेली आमची एक इंजिनिअर पहिल्या रात्री भट्टीपाशी उभी होती. ऑपरेटर पन्नाशीचे, सगळे त्यांना मामा म्हणत. भट्टीत बघताना त्यांच्या डोळ्यांवर गडद निळ्या काचेचा चष्मा असायचा. आमच्या डिस्प्लेकडं बघताना दर वेळी ते हातमोज्याच्या पालथ्या बाजूनं चष्मा कपाळावर ढकलायचे, आकडा वाचायचे, पुन्हा खाली ओढायचे. तिनं मोजलं, एका हीटमध्ये अकरा वेळा.

“मामा, चष्मा सारखा वर का करताय?”

“तुमचा आकडा लाल हाय न्हवं पोरी. या काचंतनं काळाच दिसतोय.”

चार वर्षं तो डिस्प्ले आम्ही विकत होतो. लाल रंग मीच ठरवला होता, लांबून उठून दिसतो म्हणून. ‘तापमान अचूक आहे ना?’ एवढंच आम्ही मालकांना विचारायचो. ते वाचणाऱ्या माणसाला कधी विचारलंच नव्हतं. तिनं पांढऱ्या रंगाचे दुप्पट मोठे आकडे लावले. खर्च नगण्य, पण मामांचा हात कपाळाकडं जायचा थांबला.

त्याच मुलीच्या पुढच्या पाळीत आणखी एक गोष्ट लक्षात आली. धातू तयार असायचा, पण मोल्डिंगवाल्यांचे साचे तयार नसायचे, कारण हीट कधी होणार हे त्यांना कळतच नव्हतं. तिनं मोल्डिंग लाइनपाशी एक दिवा आणि उरलेली मिनिटं दाखवणारी पाटी बसवली. आज आमचं सगळ्यात जास्त खपणारं यंत्र तेच आहे. या वेळी मी फक्त ‘कर’ म्हणालो होतो.

२०२१-२२ मध्ये एका महिन्यात तिघांनी राजीनामे दिले. पगार दुप्पट आणि घरून काम. त्यांना दोष कसा द्यायचा? मी मात्र दिला. एकाचं रिलीव्हिंग लेटर तीन आठवडे अडवून ठेवलं. त्याची मी नंतर फोन करून माफी मागितली, आणि इथंही मागतो. खरा राग वेगळाच होता : रिपोर्टचा सगळा भाग एकट्या त्याच्याच डोक्यात होता, आणि ती व्यवस्था मीच चालू दिली होती. आता कोणताही भाग दोघांना माहीत असल्याशिवाय बाहेर जात नाही. काम सावकाश होतं, तेवढं मी गिऱ्हाइकाला आधीच सांगतो.

दोन वर्षांपूर्वी पहाटे तीनला एका नव्या मुलाचा फोन आला. कॅलिब्रेशनचा, म्हणजे यंत्राचं माप खऱ्या तापमानाशी जुळवायचा, आकडा त्याच्या हातून चुकला होता. डिस्प्लेवर तापमान खऱ्यापेक्षा जास्त दिसत होतं, धातू थंडच ओतला गेला आणि साचे नीट भरले नाहीत. तो रडत होता. मी म्हणालो, “दुरुस्त कर, मी येतो.” नुकसान आम्ही बिलातून वळतं करून दिलं. सकाळी सगळ्यांसमोर काय बोलायचं याचा मी वाटेत गाडीत बराच विचार केला. शेवटी एवढंच बोललो, की यानं लगेच फोन केला म्हणून एकाच हीटवर निभावलं. त्याआधी असाच घोळ एकानं चार दिवस लपवला होता, माझ्या आवाजाच्या धाकानं.

आज आम्ही १९ जण आहोत. रात्रपाळीहून आलेला माणूस जे पाहिलं ते ऑफिसातल्या एका जाड वहीत लिहितो. काल तिथं नवी नोंद आहे : ‘हातमोजे घातलेल्या हातानं टचस्क्रीन चालत नाही, माणसं कोपरानं दाबतात.’ त्यावर दोन मुलांचं जोरात भांडण चाललंय, एकाला मोठी बटणं हवीत, दुसऱ्याला पायानं दाबायचा पेडल. माझं मत तयार आहे. अजून सांगितलेलं नाही.