नहपानाचं नाक

मामांनी तळहातावर नाणं ठेवलं आणि हातात भिंग दिलं. चांदीचं, अंगठ्याच्या नखाएवढं, जेमतेम दोन ग्रॅम. तीस वर्षं बँकेत कॅशला बसलेय, त्यामुळे तोंडून निघूनच गेलं, "मामा, हे बाद आहे. डबल छपाई झालीय."

"छपाई डबलच आहे. पण चुकून नाही, मुद्दाम केलीय."

नाणं जोगळटेंभीच्या साठ्यातल्यासारखं. १९०६ मध्ये नाशिकजवळ ही चांदीची नाणी निघाली, १३ हजारांवर, सगळी नहपान या शक क्षत्रपाची, म्हणजे राजाची. त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजाने, गौतमीपुत्र सातकर्णीने, आपला ठसा मारलेला. नहपानाचा चेहरा, कडेला ग्रीक अक्षरं आणि त्यावर आडवातिडवा बसलेला सातवाहनांच्या तीन कमानींच्या चैत्याचा शिक्का. भिंग जरा तिरकं धरलं की कमानीशेजारून नहपानाचं नाक डोकावतं. चांगलं धारदार आहे हो!

शेजारी रोमन सम्राट टायबेरियसच्या दिनाराची, म्हणजे चांदीच्या नाण्याची, नक्कल होती. रोममध्ये जिवंत माणसाचा चेहरा नाण्यावर आणायची सुरुवात सीझरची, इ.स.पू. ४४ ची. टायबेरियसच्या नाण्यावर तर चेहऱ्याभोवती 'दैवी ऑगस्टसचा पुत्र' असं कोरलेलं. खरं तर दत्तक! पण बाजारात भाजी घेणाऱ्याला कोण समजावत बसणार? आणि सत्ता फिरली की तिथे चेहऱ्यावरच राग निघायचा. सम्राट काराकाल्लाने भाऊ गेटाला मारल्यावर आशिया मायनरमधल्या काही शहरांनी नाण्यांवरून गेटाचा चेहरा खरवडून काढला.

आमच्या गौतमीपुत्राने खरवडलं नाही की वितळवलं नाही. कॅशियर म्हणून मला हे एकदम पटलं. चांदी तीच, वजन तेच, लोकांच्या हाताला सवय झालेली. वर आपला शिक्का मारला की नाणं परत गल्ल्यात. नोटाबंदीत काउंटरवर जे भोगलं, त्यानंतर तर या राजाबद्दल आदरच वाटतो.

पांडवलेण्यात तिसऱ्या लेण्याच्या लेखात त्याची आई गौतमी बलश्री त्याला क्षहरात वंश, म्हणजे नहपानाचाच वंश, 'निरवशेष' करणारा म्हणते. काही म्हणजे काही शिल्लक ठेवलं नाही.

"मामा, मग हे नाक कुणाचं?"

"भिंग पूस आधी," मामा म्हणाले. "मघाशी चकली खाल्लेल्या हाताने धरलंयस."

पुसलं. नाक होतं तिथेच.