लक्षद्वीपची एक जागा आणि पक्षांचे येणे-जाणे

2014 आणि 2019 च्या लोकसभा निकालांनंतर राष्ट्रवादी काँग्रेसच्या खासदारांच्या यादीत बारामती, सातारा या आपल्या ओळखीच्या मतदारसंघांबरोबर लक्षद्वीप हेही नाव होते. पश्चिम महाराष्ट्रात पाळेमुळे असलेला पक्ष अरबी समुद्रातल्या मल्याळम बोलणाऱ्या बेटांवर कसा काय निवडून येतो, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे बहुधा ‘पवारांची किमया’ असे देऊन विषय संपवला जाई. मला ते उत्तर कधी पटले नाही. लक्षद्वीपचा निवडणुकांचा इतिहास पाहिला, तर तिथे पक्षांनी माणसे घडवल्याचे फारसे दिसत नाही. तिथल्या गटांनीच वेळोवेळी आपल्या सोयीचा पक्ष निवडलेला दिसतो.

1 नोव्हेंबर 1956 रोजी हा केंद्रशासित प्रदेश अस्तित्वात आला. एकूण 36 बेटे, त्यांतली वस्तीची 10, सगळी जमीन मिळून जेमतेम 32 चौरस किलोमीटर आणि 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 64,473. विधानसभा नाही, मुख्यमंत्री नाही. कारभार केंद्राने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती. लोकसभेची एक जागा आहे, ती अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. सुरुवातीची दहा वर्षे तर खासदारही राष्ट्रपतीच नियुक्त करत असत. बेटांवरच्या माणसाला आपला खासदार स्वतः निवडण्याची संधी मिळाली ती 1967 साली.

त्या पहिल्याच निवडणुकीत आंद्रोथ बेटावरचे पी. एम. सईद हे तरुण उमेदवार अपक्ष म्हणून निवडून आले आणि पुढची 37 वर्षे ती जागा त्यांच्याकडेच राहिली. सलग दहा विजय! 1971 साली ते काँग्रेसचे उमेदवार होते आणि बिनविरोध निवडून आले. 1977 साली उत्तर भारतात काँग्रेसची वाताहत होत असताना सईद मात्र टिकले. 1980 साली इंदिरा गांधी प्रचंड बहुमताने परतल्या, त्या वेळी ते त्यांच्या विरोधातल्या अर्स काँग्रेसकडून (देवराज अर्स यांच्या फुटीर काँग्रेसकडून) उभे होते आणि तरीही जिंकले. (महाराष्ट्रात शरद पवारही त्या काळात त्याच अर्स काँग्रेसमध्ये होते, म्हणजे ‘लक्षद्वीप आणि पवार’ हे समीकरण वाटते त्याहून जुने आहे.) पुढे सईद मूळ काँग्रेसमध्ये परतले, 1998 साली लोकसभेचे उपाध्यक्ष झाले. अपक्ष, काँग्रेस, अर्स काँग्रेस आणि पुन्हा काँग्रेस एवढा हा प्रवास. मतदार मात्र प्रत्येक वेळी सईदांनाच मत देत होते.

2004 साली हा क्रम तुटला. संयुक्त जनता दलाचे डॉ. पी. पूकुंही कोया यांना 15,597 मते पडली, सईदांना 15,526. फरक अवघ्या 71 मतांचा. नितीशकुमार आणि जॉर्ज फर्नांडिस यांच्या पक्षाला लक्षद्वीपमध्ये कोणता जनाधार होता, असा प्रश्न कुणालाही पडेल. उत्तर साधे आहे: सईदविरोधी गटाला एका राष्ट्रीय पक्षाचे चिन्ह हवे होते. गंमत अशी, की हरलेले सईद त्याच वर्षी मनमोहन सिंग यांच्या मंत्रिमंडळात ऊर्जामंत्री झाले आणि दिल्लीतून राज्यसभेवर गेले. डिसेंबर 2005 मध्ये त्यांचे निधन झाले.

2009 साली त्यांचे चिरंजीव हमदुल्ला सईद वयाच्या 26 व्या वर्षी काँग्रेसकडून निवडून आले आणि त्या लोकसभेतले सर्वांत तरुण खासदार ठरले. त्यांच्यासमोर पुन्हा पूकुंही कोयाच होते, फक्त आता राष्ट्रवादीचे उमेदवार म्हणून. घड्याळ लक्षद्वीपमध्ये पोहोचले ते असे. 2014 साली त्याच चिन्हावर मोहम्मद फैझल 1,535 मतांनी जिंकले आणि 2019 साली 823 मतांनी. त्या दुसऱ्या निवडणुकीत, देशभर मोदी लाट असताना, भाजपच्या उमेदवाराला सगळ्या बेटांवर मिळून 125 मते पडली होती.

ही चुरस केवळ मतपेटीपुरती राहिली नाही. 2009 च्या निवडणुकीच्या वेळी पी. एम. सईद यांच्या जावयावर हल्ला झाला होता. त्या प्रकरणात कवरत्तीच्या सत्र न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये फैझल यांना दहा वर्षांची शिक्षा सुनावली, त्यांची खासदारकी गेली, लगोलग पोटनिवडणूकही जाहीर झाली. केरळ उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे ती थांबली, खासदारकी परत आली, ऑक्टोबरमध्ये पुन्हा गेली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने पुन्हा मिळाली.

दरम्यान राष्ट्रवादी फुटली. फैझल शरद पवारांबरोबर राहिले; पक्षाचे नाव आणि घड्याळ अजित पवारांकडे गेले. 2024 साली अजित पवारांच्या पक्षाने भाजपच्या पाठिंब्यावर लक्षद्वीपमध्ये आपला वेगळा उमेदवार दिला. ज्या पक्षाच्या नावावर पाच वर्षांपूर्वी 22,851 मते पडली होती, त्याच नावावर या वेळी 201 मते पडली. फैझल यांना 23 हजारांहून अधिक मते मिळाली, तरी हमदुल्ला सईद 2,647 मतांनी जिंकले आणि जागा पुन्हा काँग्रेसच्या खात्यात गेली. पक्षाचे नाव आणि माणसाचा गट यांतला फरक मोजायला यापेक्षा चांगला आकडा मला तरी सापडलेला नाही.

अर्थात खासदार कुणाचाही असला, तरी बेटांवरची सत्ता त्याच्याकडे नसते. गुजरातचे माजी मंत्री प्रफुल्ल खोडा पटेल डिसेंबर 2020 मध्ये प्रशासक म्हणून आले. मे 2021 मध्ये शिक्षण, आरोग्य, शेती, पशुसंवर्धन आणि मत्स्यव्यवसाय हे विषय जिल्हा पंचायतीकडून काढून घेण्यात आले, आणि दोनहून अधिक अपत्ये असलेल्यांना पंचायतीची निवडणूक लढवता येऊ नये, असा प्रस्तावही पुढे आला. त्या वेळी फैझल आणि हमदुल्ला हे दोन्ही प्रतिस्पर्धी एकाच मंचावरून विरोध करत होते आणि भाजपच्या काही स्थानिक कार्यकर्त्यांनीही पक्षाचे राजीनामे दिले. पुढे पंचायतींची मुदत संपली तरी निवडणुका वेळेवर झाल्या नाहीत, आणि गावपातळीवरचा कारभारही अधिकाऱ्यांच्याच हाती गेला.