तुम्ही विचारलंत म्हणून: थोर सिनेमा आणि ‘लागला की बघतोच’ असा सिनेमा

चित्रपटांविषयी बोलायला बसलं की नाशकात एक प्रश्न हमखास येतो, आणि येतो तो थोड्या अपराधी सुरात. ‘श्वास’ उत्तम आहे यात वाद नाही, पण तो दुसऱ्यांदा लावायचा म्हटलं की हात रिमोटपाशीच अडतो. ‘अशी ही बनवाबनवी’ मात्र कुठूनही लागू दे, कितव्यांदाही लागू दे, जेवणाचं ताट घेऊन आम्ही तिथेच बसतो. मग यांतला थोर कुठला? आणि आमच्या आवडीतच काही खोट आहे का?

आवडीत खोट अजिबात नाही. माझं उत्तर असं आहे, की थोरपण सबंध चित्रपटात असतं आणि पुन्हा बघावंसं वाटणं एकेका प्रसंगात असतं. या दोन गोष्टी एकाच चित्रपटात सापडू शकतात, पण एक असली म्हणून दुसरी असेलच असं नाही.

‘श्वास’चंच बघा. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मराठीत आणणारा हा चित्रपट. कोकणातल्या एका लहान मुलाला डोळ्यांचा कर्करोग झालाय, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार, आणि हे आधी आजोबांना समजायचंय, मग मुलाला सांगायचंय. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आजोबा नातवाला हॉस्पिटलबाहेर घेऊन जातात, जग दाखवायला. हा तुकडा सुटा काढून अनोळखी माणसाला दाखवा. त्याला एक म्हातारा आणि एक मुलगा शहरात हिंडताना दिसतील, बस. त्या हिंडण्याला जे वजन आहे ते आधीच्या तासाभरातून आलंय. म्हणजे तो प्रसंग पुन्हा अनुभवायचा तर आधीचं सगळं दुःख पुन्हा सोसायला लागतं. हात अडतो तो यामुळे. त्याला कंटाळा म्हणू नका.

आता ‘बनवाबनवी’. १९८८ चा चित्रपट, मुळात हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वरून घेतलेला. जागा फक्त जोडप्यांनाच मिळणार, म्हणून चौघांपैकी दोघं बायका होतात. आता कोणत्याही मिनिटाला टीव्ही लावा. पडद्यावर दोन पुरुष साड्या नेसून उभे आहेत आणि समोर घरमालकीण आहे. काय लपवायचंय, कोणापासून, उघड झालं तर काय होईल, हे सगळं पाच सेकंदांत कळतं, कारण कथेची अडचण पात्रांनी अंगावरच नेसलेली आहे. लेखकाला मागचं काही समजावून सांगावं लागत नाही. प्रत्येक प्रसंगात तोच धोका नव्याने उभा राहतो आणि चार-पाच मिनिटांत निभावतो. दुसऱ्या प्रसंगासाठी पहिला बघितलेला असायची गरज नाही.

पुन्हा पुन्हा बघितल्या जाणाऱ्या चित्रपटांत हा गुण मला नेहमी दिसतो: परिस्थिती पडद्याच्या चौकटीतच दिसते. जपानी दिग्दर्शक कुरोसावांच्या ‘सेव्हन समुराई’त (१९५४) गावाला दरोडेखोरांपासून वाचवायला आलेल्या सामुराईंचा, म्हणजे योद्ध्यांचा, म्होरक्या कागदावर दरोडेखोरांची संख्या गोल काढून ठेवतो आणि एकेक मारला गेला की त्या गोलावर काट मारतो. चित्रपट २०७ मिनिटांचा आहे. पण मधेच येऊन बसलेल्यालाही तो कागद दिसला की लढाई कुठवर आलीय ते समजतं. त्याच्या पहिल्या भागात सामुराई जमवण्याचे जे प्रसंग आहेत, त्यांतला प्रत्येक स्वतंत्र गोष्टीसारखा उभा आहे. आणि तरीही शेवटी जिंकलं कोण, हा प्रश्न कळायला सगळी २०७ मिनिटंच लागतात. म्हणून तो थोरही आहे आणि पुन्हा पुन्हा बघण्याजोगाही. अशी दोन्ही टोकं गाठणारे चित्रपट फार थोडे.

‘गोष्ट माहीत झाली की मजा गेली’ हे मला पटत नाही, आणि नाशिककरांना तर ते पटूच नये. सीताहरणाची गोष्ट पंचवटीतल्या कुठल्या मुलाला माहीत नसते? त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी सुरुवातीला निवडलेल्या कथा बघा: हरिश्चंद्र, मोहिनी-भस्मासुर, सत्यवान-सावित्री, लंकादहन, कालियामर्दन. यांतल्या एकाही कथेचा शेवट प्रेक्षकापासून लपलेला नव्हता. ‘पुढे काय होणार’ यासाठी कोणी तिकीट काढलंच नसेल. लोक ‘कसं होणार’ हे बघायला आले. लंका जळताना कशी दिसते, मारुती उडतो कसा, नट अण्णा साळुंके एकाच चित्रपटात राम आणि सीता दोन्ही कसे होतात. कीर्तनाला बसणाराही आख्यान माहीत असूनच बसतो. बुवांचा कस लागतो तो मांडणीत. आपल्या प्रेक्षकाला ही सवय सिनेमाच्या कितीतरी आधीपासून आहे.

‘कालिया मर्दन’ (१९१९) जेवढा शिल्लक आहे तेवढा जरूर बघा. सुरुवातीला फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर नुसते चेहऱ्यावरचे भाव बदलून दाखवते. मग तीच कृष्ण होते. कथा सुरू व्हायच्या आधी दिग्दर्शक आपल्याला सांगतोय, की या चेहऱ्याकडे बघा. शंभराहून अधिक वर्षांनंतरही तो भाग परत मागे नेऊन बघावासा वाटतो, आणि त्याला कथेचा काडीचाही आधार नाही.

धक्क्यावर उभे असलेले चित्रपट या बाबतीत फसतात. ‘द सिक्स्थ सेन्स’ (१९९९) दुसऱ्यांदा बघताना वेगळाच चित्रपट दिसतो: कोण कोणाशी बोलतंय, कोण उत्तरच देत नाहीये, लाल रंग नेमका कुठे येतोय. ती दुसरी खेप फार सुंदर असते. तिसऱ्या खेपेला मात्र शोधायला काही उरत नाही. उलट ‘शोले’त ठाकूरच्या शालीचं रहस्य फुटलं तरी नुकसान होत नाही, कारण जेलर, सुरमा भोपाली, इमामसाहेब या प्रत्येकाला स्वतःचा पूर्ण तुकडा दिलेला आहे. त्या चित्रपटाच्या संवादांच्या रेकॉर्ड निघाल्या आणि घरोघरी वाजल्या. ज्याचा नुसता आवाज पुन्हा पुन्हा ऐकला जातो, त्याचं चित्र पुन्हा बघितलं जाणारच.

गाणी हा तर आपल्या चित्रपटांचा आयता फायदा. चार मिनिटांचा, सुटा होणारा, स्वतःचा आरंभ-शेवट असलेला तुकडा प्रत्येक चित्रपटात आधीच शिवलेला असतो.

विनोदाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण लघुपट करणारी मुलं इथेच चुकतात. हशा आला की पुढचं वाक्य बुडतं. म्हणून थिएटरसाठी केलेल्या विनोदी चित्रपटांत पंचनंतर, म्हणजे हशा आणणाऱ्या वाक्यानंतर, थोडी जागा सोडतात: एखादी नजर, एखादं वळणं, पदर सावरणं. ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’ (१९३५) करण्याआधी मार्क्स बंधू या अमेरिकन विनोदी नटांनी त्यातले प्रसंग रंगमंचावर प्रेक्षकांसमोर करून पाहिले, ते हशा किती वेळ टिकतो हे जोखायलाच. आपल्याकडे लक्ष्मीकांत बेर्डे आणि अशोक सराफ रंगभूमीवरूनच आलेले, त्यामुळे ती जागा त्यांच्या अंगात होती. संकलन करताना ही जागा ‘ढिली’ वाटते आणि मुलं ती कापून टाकतात. एकट्याने हेडफोन लावून बघितलं तर खरोखर ढिली वाटतेच. दहा माणसांत लावून बघा आणि मगच कात्री चालवा. आणि हीच जागा पुढे वारंवार बघणाऱ्यांच्या कामी येते. संवाद पाठ असलेला माणूस तिथे नटाच्या आधी वाक्य म्हणतो, आणि खोलीतला प्रत्येक जण खेळात सामील होतो.

नुसतं वारंवार दाखवून चित्रपट लाडका होतो का? थोडा होतो. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली की ती जास्त आवडू लागते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्येच मांडलंय. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ (१९४६) प्रदर्शनाच्या वेळी फारसा चालला नव्हता. १९७४ मध्ये त्याच्या स्वामित्वहक्काचं नूतनीकरण राहून गेलं, अमेरिकेतल्या टीव्ही केंद्रांना तो फुकट दाखवता येऊ लागला, आणि तो नाताळचा ठरलेला चित्रपट झाला. ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ही १९९४ मध्ये थिएटरात पडला आणि पुढे टीव्हीवर जगला. पण टीव्हीने असंख्य चित्रपट सतत दाखवले, त्यांतले बहुतेक कोणाच्या लक्षातही नाहीत. वारंवारता दार उघडून देते. आत बसवून घेण्याचं काम प्रसंगांनाच करावं लागतं.

आता थोरपणाकडे. ब्रिटनचं ‘साइट अँड साउंड’ मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांकडून सर्वोत्तम चित्रपटांच्या याद्या मागवतं. ‘सिटिझन केन’ १९६२ पासून २००२ पर्यंत तिथे पहिला होता, २०१२ ला ‘व्हर्टिगो’ आला आणि २०२२ ला शांताल आकेरमानचा ‘जान डिलमन’ (१९७५). हा शेवटचा चित्रपट थोरपण सबंधात कसं असतं याचा सगळ्यात स्वच्छ नमुना आहे. २०१ मिनिटं आपण ब्रसेल्समधल्या एका विधवेचे तीन दिवस बघतो. ती बटाटे सोलते, बूट पुसते, कॉफी करते, अंथरूण आवरते, आणि कॅमेरा जागचा हलत नाही. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात. ते भांडं कुठे ठेवावं हे न सुचून ती हातात घेऊन घरभर फिरते, आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. का, तर पहिल्या दिवशी हीच बाई किती काटेकोर होती हे आपण तेवढाच वेळ देऊन बघितलेलं असतं. हाच चित्रपट मोबाइलवर वीस-वीस मिनिटांनी, आठवडाभर बघितला तर बटाटे नुसते बटाटे राहतात. ‘आम्हाला नाही आवडला’ असं सांगणाऱ्या बहुतेकांनी तो असाच बघितलेला असतो. एका बैठकीत बघा. अगदीच थांबायचं असेल तर पहिला दिवस संपल्याची पाटी पडद्यावर येते तिथे थांबा, पाणी प्या, परत बसा. अधेमधे कुठेही नाही.

थोर चित्रपट दुसऱ्यांदा बघायचाच नसतो असं मात्र समजू नका. तो वेगळ्या कारणासाठी आणि वेगळ्या अंतराने बघायचा असतो. चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ घ्या. कॅमेरा दूर आणि स्थिर, चौकटीत पुष्कळ माणसं. पहिल्या वेळी तुम्ही खटल्याच्या मागे असता. दोन-चार वर्षांनी पुन्हा लावा आणि या खेपेला जो बोलत नाहीये त्याच्याकडे बघा: बाकावर वाट बघणारे, कागद हलवणारे, दुसऱ्याच खटल्यासाठी आलेले. काम संपून कोर्ट रिकामं होतं, दिवे मालवले जातात, तरी कॅमेरा तिथेच राहतो. पहिल्या वेळी लांबलेला वाटणारा तो शॉट आता आरोपासारखा वाटतो. पण पुढच्याच आठवड्यात पुन्हा बघितला तर हे घडणार नाही. मधल्या काळात तुम्ही थोडे बदललेले असायला हवेत.

एखादा चित्रपट कुठल्या जातीचा हे घरीच ओळखायचं असेल तर तो बरोबर चाळिसाव्या मिनिटापासून, कथा माहीत नसलेल्या माणसाला दहा मिनिटं दाखवा. कोणाला काय हवंय आणि आड काय येतंय हे त्याला सांगता आलं, तर प्रसंग स्वतःच्या पायावर उभा आहे. मग पडद्याकडे पाठ करून, दुसरं काम करत तीच दहा मिनिटं नुसती ऐका. कामाचे हात थांबले तर तो चित्रपट पुन्हा पुन्हा लागणार. थोरपणाची परीक्षा मात्र दहा मिनिटांत होत नाही, तिला दुसरा दिवस लागतो. सकाळी तुम्हाला संवाद आठवतोय की एखादं माणूस आठवतंय आणि त्याच्याबद्दल तुमचं मत अजून ठरत नाहीये, हे बघा.

बघण्याच्या साधनातही चुका होतात आणि दोष चित्रपटावर येतो. जुन्या मराठी चित्रपटांच्या ज्या प्रती फिरतात त्यांतल्या पुष्कळ ४:३ आकाराच्या आहेत. टीव्ही त्या ताणून रुंद करतो, चेहरे फुगतात, किंवा ‘झूम’मध्ये डोकी कापली जातात. पिक्चर साइज ‘४:३’ किंवा ‘ओरिजिनल’ ठेवा, बाजूचे काळे पट्टे राहू द्या. हालचाल गुळगुळीत करणारी सोय (मोशन स्मूदिंग, प्रत्येक कंपनीचं नाव निराळं) बंद करा. संवाद दबतात आणि संगीत अंगावर येतं, तेव्हा आवाजाचा ट्रॅक सराउंडऐवजी स्टीरिओ करा. ज्या प्रतीत गाणी कापलीत ती तर लावूच नका, कारण गाण्यानंतरचा विनोद गाण्याने दिलेल्या उसंतीवर बेतलेला असतो.

घरात वीस पाहुणे, लहान मुलं, स्वयंपाकघरातून ये-जा असेल तर प्रसंगांचा चित्रपट लावा. तिथे ‘श्वास’ लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे. तो चार माणसांत, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, रात्रीचं जेवण आधी उरकून बघायचा. आणि कृष्णधवल, परभाषी म्हटलं की पळणाऱ्या मुलांना या वाटेवर आणायचं असेल तर सुरुवात ‘सेव्हन समुराई’पासून करा. त्याला दिग्दर्शकाने स्वतःच मध्यंतर दिलेलं आहे. एका रविवारी तिथपर्यंत, दुसऱ्या रविवारी पुढचा भाग, आणि मधल्या आठवड्यात सात जणांतला कोण जगेल यावर मुलांना भांडू द्या.