पुण्याच्या स्वयंपाकघरात दाइफुकू : माझा अनुभव

जपानबाहेर राहून जपानी मिठाईची खरी चव घ्यायची असेल, तर दाइफुकू घरीच करावा, असं माझं ठाम मत आहे. चिकट तांदळाच्या पारीत अझुकीचं (लहान लाल जपानी कडधान्याचं) गोड पुरण भरलेली ही मिठाई. जपानमध्ये ती केल्या दिवशीच खातात, कारण दुसऱ्या दिवशी पारी कडक होते. आयात केलेल्या पाकिटांतले दाइफुकू बहुधा गोठवलेले असतात किंवा मऊ राहावेत म्हणून त्यांत ट्रेहॅलोज (एक प्रकारची साखर), स्टार्चचा पाक असं काहीबाही असतं. शाकाहारी असाल तर घटकांची यादी जरूर वाचा. काहींमध्ये जिलेटिन किंवा अंड्याच्या पांढऱ्याची पावडर असते.

पहिली अडचण पिठाची. आपली मोदकाची पिठी इथे चालत नाही, मग ती आंबेमोहोराची असो की इंद्रायणीची. हे तांदूळ शिजल्यावर चिकट वाटतात, पण त्यांच्या स्टार्चमध्ये अमायलोज, म्हणजे कमी चिकट घटक, असतोच. या पारीसाठी लागणाऱ्या चिकट, मोचीच्या तांदळाचं स्टार्च जवळजवळ पूर्ण अमायलोपेक्टिनचं, म्हणजे चिकट घटकाचं, म्हणून त्याची पारी तुटण्याऐवजी ताणली जाते. जपानी शिरातामाको मिळालं तर उत्तमच. ते ओलं दळून वाळवलेलं, खड्याखड्यांचं पीठ असतं आणि त्याची पारी सगळ्यांत तलम होते. ते महाग पडत असेल तर थाई चिकट तांदळाचं पीठ घ्या. तीन सोंडांच्या हत्तीचं चित्र असलेलं पाकीट हिरव्या रंगाचं हवं. लाल पाकिटात साध्या तांदळाचं पीठ असतं. चित्र तेच, त्यामुळे दुकानात इथेच गल्लत होते.

दुसरी गोष्ट अझुकी. ‘लाल चोरी’ किंवा लाल चवळी म्हणून मिळणाऱ्या कडधान्यात दोन्ही निघू शकतात. दाणा हातात घेऊन डोळा बघा: अझुकीवर सरळ, पांढरी, लांबट रेघ असते, चवळीचा डोळा आखूड आणि काळसर कडेचा. अझुकी नसेलच तर मी लाल चवळी वापरते. राजमा मात्र नको. त्याची साल जाड आणि वास वेगळा.

पुरणासाठी 200 ग्रॅम अझुकी घेते. भिजवायची गरज नाही. भरपूर पाण्यात एक उकळी आणून पाच मिनिटांनी ते लालसर पाणी सगळं ओतून टाकायचं. सालीतला तुरटपणा त्यात उतरतो. ही पायरी गाळली की पुरण जिभेला ओढल्यासारखं लागतं. मग ताजं पाणी घालून मंद आचेवर तासभर ते दीड तास, दाणे सतत पाण्याखाली राहतील अशा बेताने शिजवायचं. पाणी बोअरचं किंवा टँकरचं असेल तर पिण्याचं फिल्टरचं पाणी घ्या. जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे साल मऊ होत नाही, कितीही वेळ ठेवा.

साखर कधी घालायची, यावर सगळं पुरण अवलंबून आहे. दाणा अंगठा आणि करंगळीत धरून सहज चुरडला गेला पाहिजे, आतमध्ये कणसुद्धा लागता कामा नये. त्याआधी साखर पडली तर दाणा तिथेच अडतो आणि पुढे शिजत नाही. 160 ते 180 ग्रॅम साखर तीन हप्त्यांत, दर वेळी पाच-सात मिनिटं थांबून घालते. शेवटी चिमूटभर मीठ. गूळ आणि वेलची अजिबात नको, त्यांनी अझुकीचा स्वतःचा वास झाकला जातो. कालथा तळाशी ओढला की रेघ दोन-तीन सेकंद टिकली पाहिजे. एवढ्यावरच गॅस बंद करा, कारण गार होताना पुरण आणखी आळतं. पसरट ताटात गार करून 25 ग्रॅमचे गोळे वळायचे. पुरण ओलं राहिलं तर पारी खालून फाटते. अर्ध्या किलोच्या वर पुरण होतं. उरलेलं फ्रीझरमध्ये महिनाभर छान राहतं.

आठ दाइफुकूंच्या पारीला 100 ग्रॅम पीठ, 50 ग्रॅम साखर आणि 150 मिली पाणी लागतं. पाणी थोडंथोडं घालत आधी पिठाच्या गाठी मोडायच्या, साखर त्यानंतर. थाई पीठ असेल तर 130 मिलीपासून सुरुवात करते. मायक्रोवेव्हमध्ये 600 वॅटवर झाकून दोन मिनिटं, ओल्या कालथ्याने नीट ढवळून एक मिनिट, पुन्हा ढवळून अर्धं मिनिट. मायक्रोवेव्ह नसेल तर मोदकपात्रात वाडगा ठेवून वीस मिनिटं. झाकणाला फडकं बांधा, नाहीतर वाफेचं पाणी आत पडतं. पांढरेपणा जाऊन पीठ काचेसारखं अर्धपारदर्शक दिसलं, कालथ्याला लोंबलं, की झालं. पांढरे ठिपके म्हणजे कच्चं पीठ.

ताटात बटाट्याचं स्टार्च किंवा कॉर्नफ्लोअर सढळ हाताने पसरून पीठ त्यावर ओता आणि गरम असतानाच आठ भाग करा. प्रत्येक भाग थापून त्यात पुरणाचा गोळा भरायचा. पारीची कड मध्यापेक्षा पातळ ठेवायची, कारण मिटताना ती एकावर एक येते. तिथे आतल्या बाजूला स्टार्च राहिलं तर पारी चिकटत नाही. कोरड्या ब्रशने झटकून घ्या.

डिसेंबर ते मार्च महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी असते, तेव्हा मी इचिगो दाइफुकूच, म्हणजे आत स्ट्रॉबेरी भरलेला दाइफुकू, करते. हा प्रकार जपानमध्येही 1980च्या दशकातला, तसा नवाच. फळ लहान, 12 ते 15 ग्रॅमचं घ्या. मोठ्या फळावर पारी ताणून फाटते. धुऊन, देठ काढून अगदी कोरडं पुसायचं, मग भोवती 20 ग्रॅम पुरण. आपली स्ट्रॉबेरी जरा आंबट असते. पुरणाच्या गोडीपुढे ते फार छान लागतं. चार-पाच तासांत फळाला पाणी सुटू लागतं, तेव्हा पाहुणे यायच्या थोडं आधीच भरा.

सोबत बिनसाखरेचा माचा (हिरव्या चहाच्या पावडरीचा जपानी चहा) हवाच: दोन ग्रॅम चाळलेली पावडर, 70 मिली पाणी, सुमारे 80 अंश. आजी-आजोबांना आणि लहान मुलांना दाइफुकू कापून, छोट्या घासांत द्या. चिकट पारी घशात अडकू शकते.

फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथल्या थंडाव्यात स्टार्च सर्वांत लवकर कडक होतं. फळ नसलेले दाइफुकू एकेक गुंडाळून सरळ फ्रीझरमध्ये टाका आणि बाहेरच्या हवेत मऊ होऊ द्या. तरीही एखादा कडक झालाच, तर कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजा. जपानमध्येही शिळ्या दाइफुकूचं हेच करतात: वरून खरपूस कवच येतं आणि आतली पारी पुन्हा मऊ होते.