चेन्नईतल्या मामी, आमची आई आणि वैजयंतीमाला

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चेन्नईला जाऊ नकोस असं मला सगळ्यांनी बजावलं होतं. हॉटेलं डबल रेटने, रिक्षावाले मीटरचं नाव काढलं की तोंड फिरवतात आणि पाऊस कधी गाठेल सांगता येत नाही. तिन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या निघाल्या. पण आईने डोक्यात घेतलं होतं. २०२४ च्या सुरुवातीला अयोध्येत राममंदिरात जुन्या हिंदी सिनेमातली वैजयंतीमाला नाचली, नव्वदीची बाई, तो व्हिडिओ आईच्या फोनवर आला आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. गुडघा दुखला की वैजयंतीमाला, जिना चढायचा म्हटलं की वैजयंतीमाला. "ती नव्वदीत अरैमंडी, म्हणजे गुडघे वाकवून अर्धी बैठक घालते आणि तुम्ही मला कमोड लावून देताय," हे वाक्य तर मी झोपेत पण म्हणून दाखवीन. शेवटी म्हटलं चल बाई, चेन्नईचा सीझन, म्हणजे डिसेंबरातला गाण्या-नाचाचा उत्सव, बघून येऊ, नाच पण बघू आणि तुझ्या वैजयंतीमालाचं गाव पण.

ट्रिप्लिकेनला पहिल्याच सकाळी गेलो. वैजयंतीमालाचा जन्म ह्या भागातला, अय्यंगार घरातला. पार्थसारथीच्या देवळात कृष्णाला चक्क मिशा आहेत, अर्जुनाचा सारथी म्हणून, आणि आईला त्या इतक्या आवडल्या की ती परत रांगेत उभी राहायला निघाली होती. मार्गळी हा तमिळ महिना म्हणून पहाटेपासून तिरुप्पावै, म्हणजे आंडाळची भक्तिगीतं, चालू, दारादारात रांगोळ्या, त्या ओलांडत आणि सायकली चुकवत आम्ही रत्ना कॅफेत पोचलो. तिथे इडलीवर सांबार असं ओततात की इडली दिसेनाशी होते. आई म्हणाली ही इडली नाही, हे विसर्जन आहे. आणि दोन प्लेटी खाल्ल्या.

मधले दिवस समुद्र, साड्या आणि पावसात गेले. खरी गोष्ट घडली एका सभेच्या कँटीनमध्ये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, चेन्नईत सीझनमध्ये सभांच्या, म्हणजे गाण्या-नाचाचे कार्यक्रम करणाऱ्या संस्थांच्या, आवारात मांडव घालून कँटीन लावतात आणि अर्धी गर्दी गाण्यासाठी येते तर अर्धी तिथल्या जेवणासाठी. गाण्याचे दुपारचे कार्यक्रम बऱ्याच ठिकाणी फुकट असतात, जेवण मात्र अजिबात नाही. केळीचं पान, आणि तुम्ही पहिला घास घेताय तोवर तुमच्या खुर्चीमागे पुढचं गिऱ्हाईक येऊन उभं राहतं. ढकलत नाहीत हां, नुसते उभे राहतात, मानेवर श्वास लागेल इतक्या अंतरावर. मला ह्याचा भयंकर राग येतो. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत पण हे चालतं, पण तिथे निदान फुकट जेवत असतो.

तर आमच्या समोर एक मामी (तिथे वयस्कर बाईला मामीच म्हणतात) बसल्या होत्या. नऊवार नव्हे पण तशीच ऐसपैस कांजीवरम, नाकात दोन्हीकडे चमकी, पर्समध्ये सगळ्या सभांचं छापील टाइमटेबल पेनाने खुणा केलेलं. हिंदी आमच्यापेक्षा शुद्ध, कारण त्या टी. नगरच्या हिंदी प्रचार सभेच्या परीक्षा देत देत 'विशारद'पर्यंत गेलेल्या. आईने आपलं आवडतं पालुपद काढलं, की वैजयंतीमालाने लग्न केलं १९६८ मध्ये आणि एवढं चांगलं चाललेलं करिअर सोडलं हो बिचारीने.

मामींनी रसम भाताचा हात पानावरच थांबवला. "छोड़ दिया? क्या छोड़ दिया?"

आई म्हणाली, सिनेमा.

"वो तो पार्ट टाइम था."

आणि मग जे सुरू झालं ते पायसम येईपर्यंत. मामींचं म्हणणं असं की मुलगी चालायला लागली तशी नाचायला लागली, लहानपणी व्हॅटिकनला जाऊन पोप बारावे पायस यांच्यासमोर नाचून आली, वळुवूर रामय्या पिळ्ळैंसारखे गुरू मिळाले, आणि मग मध्येच १९४९ मध्ये एव्हीएम स्टुडिओवाल्यांनी 'वाळ्कै' नावाच्या तमिळ सिनेमात घेतलं. तोच सिनेमा हिंदीत 'बहार' झाला १९५१ मध्ये, त्यासाठी ती हिंदी शिकली, कुठे तर आमच्या प्रचार सभेत (इथे मामींची मान एक इंच वर), आणि स्वतःच्या आवाजात बोलली. म्हणजे सिनेमा हा तिच्या नाचाला आलेला पाहुणा, वीसेक वर्षं राहिला आणि गेला. तुम्ही मुंबईवाले पाहुण्याचाच फोटो भिंतीवर लावून बसलात.

मी मनातल्या मनात हिशोब केला आणि गप्प झाले. आपल्याकडे ह्या बाईची गोष्ट 'नागिन'ला सुरू होते आणि 'ज्वेल थीफ'पर्यंत येऊन संपते, त्यापुढे गोल्फ खेळते म्हणे, खासदार होती म्हणे, एवढंच. शेवटचा सिनेमा १९७० चा. त्यानंतर अयोध्येपर्यंत पन्नासहून जास्त वर्षं आहेत आणि ती आपण 'रिटायर्ड' म्हणून एका ओळीत उडवलीयेत. ह्या वर्षांत तिला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९८२ मध्ये, तो नाचासाठी. पद्मविभूषण २०२४ मध्ये. हे मला तिथे पानावर बसून गुगल करावं लागलं, आणि मी नाच शिकलेली आहे, म्हणजे बघा.

पण आई हार मानणारी नाही. कोल्हापूरची आहे. तिने 'देवदास' काढला. त्यातल्या चंद्रमुखीसाठी फिल्मफेअरने सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार दिला आणि हिने तो घेतला नाही, का तर चंद्रमुखी पारोच्या बरोबरीची आहे, सहाय्यक कसली. पार्ट टाइम काम करणारी बाई असं भांडेल का? शिवाय 'साधना', 'गंगा जमुना', 'संगम' अशी तीन फिल्मफेअर उगाच देतात का? हा मुद्दा मला पटला, आणि मला वाटतं मामींना पण पटला कारण त्यांनी विषय बदलला.

मग 'आम्रपाली'. हा सिनेमा म्हणजे आईच्या माहेरचा विषय, कारण कपडे भानू अथैयांचे, म्हणजे कोल्हापूरची लेक, तिने अजिंठ्याच्या चित्रांवरून ते बेतले. नाच गोपीकृष्णांनी बसवलेले. १९६६ मध्ये भारताकडून ऑस्करला तोच पाठवला, आणि थिएटरात मात्र सपशेल आपटला. आईने तो मॅटिनीला बघितला होता, तिच्या म्हणण्याप्रमाणे त्यातले नाच बघून शेजारच्या बाईने "केवढं हे उघडं" म्हणून डोळे झाकले आणि बोटांच्या फटीतून सगळं बघितलं. मामी पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या त्यात ती खरी नाचलीय, बाकी ठिकाणी सिनेमा नाचलाय.

इथे शेजारच्या पानावरचे एक आजोबा, आत्तापर्यंत निमूट वडा खात होते, ते एकदम मोठ्याने म्हणाले, "सबाश! सरियान पोट्टी!" आणि आजूबाजूची चार टेबलं हसली. मला काही कळेना. मग कळलं की १९५८ मध्ये एस. एस. वासन यांचा 'वंजिकोट्टै वालिबन' आला, त्यात वैजयंतीमाला आणि पद्मिनी समोरासमोर नाचतात आणि खलनायक वीरप्पा खूश होऊन हे ओरडतो, शाब्बास, तोडीस तोड सामना! तमिळनाडूत क्रिकेटपासून निवडणुकीपर्यंत कुठेही हे वाक्य चालतं. आपल्याकडे तोच सिनेमा 'राज तिलक' म्हणून आला होता. आजोबा पद्मिनीच्या पार्टीचे. मामी अर्थातच दुसऱ्या. पासष्ट वर्षं उलटून गेली तरी ही केस चालू आहे. दोघं तमिळमध्ये असे काही जुंपले की खुर्चीमागे उभा असलेला माणूस पण जेवायचं विसरून त्यात पडला, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा त्या प्रथेबद्दल थोडं बरं वाटलं.

निघताना मामींनी सहज सांगितलं की १९८४ ला दक्षिण मद्रासमधून वैजयंतीमाला लोकसभेला उभी होती तेव्हा त्यांनी तिलाच मत दिलं होतं. आईने विचारलं, सिनेमा बघून का नाच बघून? मामी म्हणाल्या, राजीव गांधींकडे बघून.

संध्याकाळी मामींनीच आम्हाला एका नाचाच्या कार्यक्रमाला ओढून नेलं. कोणीतरी नवीन मुलगी होती, चांगली होती, पण मी स्टेजपेक्षा मामींच्या मांडीकडे जास्त बघत होते. हात मांडीवर, करंगळीपासून बोटं मोजत ताल, तोंडाने शब्द नाही, आणि वर्णममध्ये, म्हणजे कार्यक्रमातल्या सगळ्यात मोठ्या नाचात, एका जागी मुलीचा पाय केसभर मागे पडला तर मामींची अनामिका तिथेच हवेत थांबली. बास. पुढे परत सुरू. मला माझ्या गुरूंची आठवण येऊन घाम फुटला. एसी एवढा की लोक शाली घेऊन बसलेले, तरी फुटला.

मामींचा शेवटचा हुकूम, इथवर आलात तर तंजावूर करा, तुमच्याच राजांचं आहे. त्यामुळे एग्मोरहून रात्रीची उळवन एक्स्प्रेस, वरचा बर्थ, आईसाठी खालचा मिळवताना एका सुटाबुटातल्या गृहस्थाशी झालेली बाचाबाची मी इथे लिहीत नाही, मला अजून त्रास होतो.

तंजावूरचं आणि वैजयंतीमालाचं नातं असं. आज भरतनाट्यम म्हणून जो क्रम नाचतात, सुरुवातीच्या अलारिप्पूपासून शेवटच्या तिल्लानापर्यंत, तो बसवला चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू ह्या चार भावांनी, आणि हे चौघं होते सरफोजीराजे भोसल्यांच्या दरबारी. त्यांच्याच घराण्यातले किट्टप्पा पिळ्ळै, त्यांच्याकडे वैजयंतीमाला शिकली, आणि त्या घराण्यातल्या जुन्या रचना तिने मंचावर आणल्या. स्वतः सरफोजींनी नाचासाठी मराठीत निरूपणं लिहिली होती, ती मुंबईच्या गुरू पार्वतीकुमारांनी शोधून, अभ्यासून परत उभी केली. मी मुंबईत इतकी वर्षं नाच शिकले, परीक्षा दिल्या, 'तंजावूर बंधू' म्हणून चार नावं पाठ करून पाच मार्क मिळवले, पण त्यांना पगार देणारा राजा घरी मराठी बोलत होता हे मला कोणी सांगितलं नाही. म्हणजे पुस्तकात असेल हो. सांगितलं नाही.

पश्चिम राजवीथीत त्या भावांचं घर आहे, आम्ही समोरच्या फुटपाथवरून बघितलं. लोक राहतात, वाळत घातलेले कपडे बघून आत शिरायचं धाडस झालं नाही. आईने रस्त्यावरूनच नमस्कार केला आणि एका स्कूटरवाल्याने हॉर्न दिला.

बृहदीश्वराच्या देवळात मात्र मी चिडले. विमानाच्या, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराच्या, आत वरच्या मजल्यावरच्या फेरीत शिव नाचतोय, नाचाच्या १०८ करणांपैकी, म्हणजे ठरलेल्या मुद्रा-हालचालींपैकी, ८१ दगडात कोरलेली आहेत, पुढचे दगड कोरायचे राहिले ते तसेच कोरे. भरतनाट्यमवाल्या कुठल्याही माणसासाठी ही पंढरी. आणि तिथे जायला बंदी. परवानगी लागते. कोणाची, कशी, ते सांगणारा माणूस जेवायला गेलेला आणि तो येईपर्यंत थांबा म्हणणारा माणूस पण थोड्या वेळाने जेवायला गेला. खाली नंदीपाशी सेल्फीसाठी मारामारी चालू होती, तिला मात्र परवानगी लागत नाही.

आई तोवर गायब. शोधलं तर नैऋत्येच्या कोपऱ्याकडे ओवरीत भिंतीला नाक लावून उभी. तिथे सरफोजींनी १८०३ मध्ये कोरून घेतलेलं भोसले घराण्याचं चरित्र आहे, मराठीत, भिंतच्या भिंत भरून. आई बोट न लावता अक्षर न् अक्षर जोडत मोठ्याने वाचत होती, अडली की मागे यायची, आणि तिच्यामागे शाळेच्या सहलीतली दहा-बारा तमिळ पोरं गोळा होऊन "पाट्टी (म्हणजे आजी), अजून वाच" अशा खुणा करत होती. गुडघा त्या दिवशी एकदाही दुखला नाही.

आता घरी आलोय. मामी रोज पहाटे तिरुप्पावै पाठवतात, आई त्यांना 'आम्रपाली'ची गाणी पाठवते. परवा मामींनी 'वंजिकोट्टै वालिबन'मधला तोच सामना पाठवला, खाली हिंदीत, 'ठीक से देखकर बताइए'. आईने चष्मा पुसला, दोनदा बघितला, मग मला आवाज बंद करायला सांगून नुसते पाय बघितले, आणि उत्तर टाईप केलं, 'पद्मिनी'. मामींच्या दोन निळ्या टिका दिसतायत. उत्तर अजून नाही.